माणदेशी माळाचा पॅनोरमा: टिपण्यापासून भिंतीवर लागेपर्यंत

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडच्या बाजूला तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. सह्याद्रीच्या आड पडलेला हा कोरडा पट्टा माण-खटावमधून पुढे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, कवठेमहांकाळ, जतपर्यंत जातो. वाळूच्या टेकड्या इथे नाहीत. आहे तो मुरमाड माळ, कुसळी गवत, बोरी-बाभळी आणि लांबवर एकामागे एक उभी असलेली बोडकी टेकाडं. एका फ्रेममध्ये हा माळ टिपला की निम्मं आकाश येतं, निम्मी माती येते आणि मधला जीव हरवतो. हा मुलूख आडवाच बघायचा असतो, म्हणून पॅनोरमा: शेजारशेजारच्या फ्रेम जोडून केलेलं एकच रुंद चित्र.

असा फोटो विकत कोण घेतं, हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाईवाले सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पसरले आहेत. माणदेशातली कितीतरी घरं मुंबईला स्थिरावली आहेत. त्यांना दिवाणखान्यात नुसतं छान निसर्गचित्र नको असतं, त्यांना आपला माळ हवा असतो. असा माणूस चित्रासमोर दोन हातांवर उभा राहत नाही. तो पुढे येतो, काचेवर बोट टेकवतो आणि शोधू लागतो: "आबा, हा बघा आपला टेक. ह्याच्या उजव्या अंगाला वस्ती." त्या बोटाखाली वस्तीच्या जागी नुसता धूसर चिखल दिसला तर चित्र परत जातं. म्हणून कडेपासून कडेपर्यंत बारकावा आणि जागेशी इमान, या दोन गोष्टींवर तडजोड करू नका.

हवा, महिना, दिशा

सगळ्यात मोठा शत्रू धुरकटपणा. एप्रिल-मेमध्ये धुळीने क्षितिज पांढरं पडतं. ऊसपट्ट्यात हंगाम सुरू झाला की पाचट पेटवलं जातं आणि कृष्णाकाठचा तो धूर पूर्वेकडच्या टेकड्यांवरूनही दिसतो. दंडोबाच्या डोंगरावरून मिरजेकडे बघताना हे फार जाणवतं. परतीचा पाऊस उघडल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचे दिवस सर्वांत भरवशाचे. गवत सोनेरी झालेलं असतं, अजून चरून किंवा कापून संपलेलं नसतं, आणि खालच्या काळ्या रानात शाळू हिरवा उभा असतो. फेब्रुवारीत तोच माळ उघडा पडतो. उन्हाळ्यात काढायचंच असेल तर वळवाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट धरा. पावसाने धूळ खाली बसवलेली असते आणि दहा-दहा कोसांवरची धार स्वच्छ दिसते. ही संधी काही तासांचीच असते.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, जवळजवळ 25 अंश दक्षिणेला सरकून उगवतो आणि तसाच सरकून मावळतो. त्यामुळे हिवाळ्यात उत्तरेकडे तोंड करून काढलेल्या पॅनोरमाला सकाळी उजव्या आणि संध्याकाळी डाव्या खांद्यामागून ऊन मिळतं. महादेव डोंगराच्या धारेवर उभं राहिलं तर उत्तरेला फलटणची सखल बाजू आणि दक्षिणेला माणचं खोरं दिसतं. पहिल्या दृश्याला हिवाळा सोपा जातो. दुसऱ्याला ऊन समोरून तिरपं येतं, मग सावल्या उठावदार होतात पण धुरकटपणाही दुप्पट दिसतो.

उगवल्यानंतर पाऊण तासात सूर्य साधारण 10 अंश वर येतो. त्या वेळी तीन मीटरच्या बाभळीची सावली 17 मीटर लांब पडते. माळाचे चढउतार, बांध, ताली, टेकडीच्या अंगावर आडवे खोदलेले समतल चर हे सगळं फक्त याच काळात उठून दिसतं. ऊन वर चढलं की ते चर पुसल्यासारखे नाहीसे होतात आणि टेकडी सपाट पुठ्ठ्यासारखी दिसायला लागते. साडेनऊ-दहानंतर आणखी एक अडचण येते. तापलेल्या मातीवरची हवा थरथरते आणि लांबची झाडं वितळल्यासारखी दिसतात. त्या थरथरीत महागड्या लेन्सचाही उपयोग नाही आणि शेजारच्या दोन फ्रेममधलं एकच झाड जुळतही नाही.

पॅनोरमा 100 ते 140 अंशांत ठेवा. त्याहून रुंद घेतला की एका टोकाला सूर्य समोर येतो, दुसऱ्या टोकाला पाठीशी जातो आणि आकाश एकीकडे पांढरं, एकीकडे गडद होतं. सूर्य अगदी पाठीशी असेल तर ट्रायपॉडची आणि तुमची लांब सावली चित्रात शिरते. कड्याच्या टोकाला उभे राहा म्हणजे ती खाली घळीत पडेल.

कॅमेरा, लेन्स आणि आकडेमोड

24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (36 बाय 24 मिमी सेन्सरचा) कॅमेरा आणि साधी 50 मिमी लेन्स एवढं पुरतं. वाइड लेन्सचा मोह टाळा. 20 मिमीने एका फोटोत सगळं येतं खरं, पण लांबचा डोंगर नखाएवढा होतो, आणि गिऱ्हाइकाला तोच डोंगर हवा असतो.

कॅमेरा उभा धरायचा. उभ्या 50 मिमीला रुंदीत 27 अंश आणि उंचीत सुमारे 40 अंश मिळतात. शेजारच्या दोन फ्रेममध्ये एक तृतीयांश भाग सामाईक ठेवायचा, म्हणजे दर फ्रेमला 18 अंश वळायचं. सात फ्रेममध्ये 135 अंश होतात. जोडल्यावर रुंदी 19,600 पिक्सेलच्या आसपास येते आणि वरखाली कातरून 5,200 उंची हातात राहते. यातून 3:1 प्रमाणात 15,600 बाय 5,200 चा तुकडा घेतला की 60 बाय 20 इंची प्रिंटला इंचामागे 260 पिक्सेल मिळतात. बोट टेकवून बघणाऱ्यालाही एवढे पुरतात. 72 बाय 24 इंचाला 216 मिळतात, तेही चालतं. 150 च्या खाली उतरू नका. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, हेच काम 35 मिमी लेन्स करते. तिथे उभी फ्रेम 25 अंशांची असते, मग 16-17 अंशांनी वळा आणि फ्रेम एक वाढवा.

ट्रायपॉड जड हवा. माळावर वारं असतंच, म्हणून मधला दांडा वर काढायचाच नाही. हुकाला बॅग लटकवली तर ती वाऱ्यावर झोके घेते आणि उलट ट्रायपॉड हलवते. त्यापेक्षा छोट्या पोत्यात दगड भरून ते जमिनीला टेकेल इतपत सैल बांधा.

वळण्याचा अक्ष उभा सरळ असणं ही पॅनोरमातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. बहुतेक जण बॉलहेड (कॅमेरा धरणारा गोळ्याचा सांधा) वाकवून कॅमेरा लेव्हलमध्ये आणतात आणि बॉलच्या खालच्या चकतीवर फिरवतात. पण ती चकती तिरकी असेल तर कॅमेरा फिरताना वरखाली होतो आणि क्षितिज केळ्यासारखं वाकतं. ते कातरून सरळ करताना उंचीचे हजारभर पिक्सेल जातात. म्हणून ट्रायपॉडच्या पायांवर लेव्हलिंग बेस (बैठक सपाट करणारा तुकडा) लावा, आधी त्याचा बुडबुडा मध्ये आणा आणि अंश कोरलेली फिरती चकती त्याच्या वर बसवा. पाय मागेपुढे करूनही बेस लेव्हल करता येतो, फक्त वेळ जातो आणि तेवढ्यात ऊन निघून जातं.

दुसरी बाब नोडल पॉइंटची, म्हणजे लेन्समधल्या ज्या बिंदूभोवती कॅमेरा फिरवायचा त्याची. कॅमेरा त्याच्या बुडाशी असलेल्या स्क्रूवर फिरवला की जवळची वस्तू मागच्या वस्तूच्या तुलनेत सरकते. घरी तपासा: एक काठी मीटरभर अंतरावर रोवा, दुसरी वीस मीटरवर, दोन्ही एका ओळीत दिसतील असा कॅमेरा लावा आणि डावीउजवीकडे फिरवा. काठ्या एकमेकींपासून सुटल्या तर कॅमेरा सरकपट्टीवर मागे घ्या, सुटणं वाढलं तर पुढे. जिथे त्या एकमेकींना चिकटून राहतात तो आकडा पट्टीवर मार्करने लिहून ठेवा. त्या लेन्सला तो कायम लागू. समोर सगळंच दहा-पंधरा मीटरच्या पलीकडे असेल तर एवढी काटेकोर मांडणी लागत नाही. पण निवडुंगाचं बेट, बांधाचे दगड किंवा तरवडाचं झुडूप जवळ घेणार असाल तर याला पर्याय नाही.

जागेवर

उजाडायच्या अर्धा तास आधी ट्रायपॉड उभा हवा. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/8. एफ/16 च्या बारीक छिद्राला वळलात तर स्पष्ट दिसणारी खोली वाढते पण सगळंच जरा मऊ पडतं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) 5,200 केल्व्हिनवर पक्का करा, ऑटोवर ठेवला तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा आणि सगळ्यांत उजळ भागावर, म्हणजे बहुधा सूर्याकडच्या आकाशावर ठरवा. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यावरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटता कामा नये. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) बंद करा. दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा. आणि पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) बॅगेतच राहू द्या. सूर्यापासून 90 अंशांवर त्याचा परिणाम सर्वाधिक असतो, त्यामुळे रुंद चित्रात आकाशाच्या मधोमध निळाकाळा पट्टा उमटतो आणि तो नंतर पुसता येत नाही.

कुठे फोकस धरला की लांबचं सगळं स्पष्ट येईल, यासाठी फोकसचे जुने तक्ते 50 मिमीला एफ/8 वर दहा मीटरचा आकडा देतात. तो लहान प्रिंटचा हिशेब आहे. पाच फुटी प्रिंटसाठी वीस मीटर किंवा त्याहून लांबच्या एखाद्या झाडावर लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं दृश्य) मोठा करून फोकस धरा, मग ऑटोफोकस बंद. दहा मीटरच्या आतलं थोडं मऊ पडेल, ते पडू द्या. लांबची धार कधीही मऊ पडू देऊ नका.

आता डावीकडून सुरुवात. पहिल्या फ्रेमआधी लेन्ससमोर हात धरून एक फोटो काढा, शेवटच्या फ्रेमनंतर पुन्हा एक. घरी चारशे फोटोंतून संच कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे शोधताना हे दोन हात फार कामाला येतात. चकती 18 अंश फिरवा, थांबा, कंप विरू द्या, टिपा. सात फ्रेम अर्ध्या मिनिटात व्हायला हव्यात, नाहीतर ढगाची सावली माळावरून सरकते आणि एका फ्रेममधला उजळ बांध पुढच्या फ्रेममध्ये काळा येतो. एक संच झाला की लगेच दुसरा आणि तिसरा घ्या.

हलणाऱ्या गोष्टी जोडाच्या जागी येऊ देऊ नका. ढालगावच्या बाजूला पवनचक्क्या आहेत. जवळच्या चक्कीचं पातं दोन फ्रेमच्या सामाईक भागात आलं तर जोडल्यावर चार-पाच पाती दिसतात. सुरुवातीचा कोन थोडा सरकवून चक्की एका फ्रेमच्या मध्यावर आणा. मेंढ्यांचंही तेच. जत भागातल्या उंच, बाकदार नाकाच्या माडग्याळ मेंढ्या चित्रात असल्या तर ते चित्र त्या मुलखाचं होऊन जातं, पण कळप पूर्ण एका फ्रेममध्ये येईपर्यंत वाट बघा. मेंढपाळाचा चेहरा ओळखू येत असेल तर आधी त्याला विचारा, चित्र विकायचं आहे हे स्पष्ट सांगा आणि लेखी संमती घ्या. कुणाच्या शिवारात उभे असाल तर मालकाला, वनखात्याच्या हद्दीत असाल तर तिथल्या कार्यालयाला आधी विचारून ठेवा.

धुळीबद्दल एकच, पण महत्त्वाचं: माळावर लेन्स बदलू नका. सेन्सरवर बसलेला एक कण सातही फ्रेममध्ये त्याच उंचीवर येतो आणि जोडलेल्या आकाशात एका ओळीत सात ठिपके उमटतात, जणू कुणी मोजून लावले आहेत. निघण्यापूर्वी एफ/16 वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून मोठा करून बघा.

परतण्याआधी वहीत जागा, दिशा, तारीख, वेळ लिहा, आणि डावीकडून उजवीकडे दिसणाऱ्या प्रत्येक टेकडीचं नाव तिथल्याच जाणत्या माणसाला विचारून लिहा. सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 चे नकाशे पडताळायला चांगले, पण नकाशातलं नाव आणि गावच्या तोंडचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. चित्राखाली गावचं नाव छापा.

जोडणी

ठिपके काढणं आणि लेन्सच्या कडांचा काळेपणा दुरुस्त करणं हे जोडणीच्या आधी, सातही फ्रेमवर एकसारखं करा. एका फ्रेमवर केलेला बदल कॉपी करून इतरांना लावला की झालं. मग 16 बिट टिफ (दर्जा न घटवणारी फाइल) करून हगिन, पीटीगुई किंवा फोटोशॉप यांपैकी एका सॉफ्टवेअरमध्ये जोडायला घ्या. हगिन मोफत आहे आणि या कामाला पूर्ण समर्थ आहे.

प्रोजेक्शन, म्हणजे रुंद दृश्य सपाट करण्याची पद्धत, सिलिंड्रिकल निवडा. सरळ रेषा सरळच ठेवणारं रेक्टिलिनिअर 90-100 अंशांच्या पुढे टोकं ताणतं आणि कडेची टेकडी आहे त्याच्या दुप्पट रुंद होते. त्या टेकडीखाली ज्याचं घर आहे त्याला ते लगेच खटकतं. ढगांवर बसलेले जोडबिंदू (सॉफ्टवेअरने दोन फ्रेममध्ये जुळवलेल्या जागा) काढून टाका, कारण ढग दोन फ्रेमच्या मध्ये सरकलेले असतात. क्षितिज सरळ करताना डोंगराच्या रेषेवर विसंबू नका, ती मुळातच तिरकी असू शकते. पवनचक्कीचे खांब किंवा विजेचे सरळ उभे पोल शोधून त्यांना उभ्या रेषेचे बिंदू द्या, चित्र आपोआप लेव्हलमध्ये येतं.

तयार टिफ सहाशे एमबीच्या आसपास होते. याहून मोठे पॅनोरमे करणार असाल तर लक्षात ठेवा, फोटोशॉपची पीएसडी फाइल 30,000 पिक्सेलला थांबते, त्यापुढे त्याचीच पीएसबी लागते.

रंगकामात हात आवरता ठेवा. डीहेझ (धुरकटपणा कमी करणारी पट्टी) 15-20 च्या पुढे नेलं की डोंगराच्या कडेला पांढरी किनार उमटते. गवत सोनेरी आहे, त्याला भगवं करू नका. दुसऱ्या दिवसाचं आकाश चिकटवणं तर पूर्ण टाळा. इथल्या माणसाला कुठल्या महिन्यात कसले ढग येतात हे पाठ असतं. शाळूच्या रानावर आषाढातले ढग दिसले की त्याचा बाकीच्या चित्रावरचाही विश्वास उडतो. टेंभू, म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या पाण्याने हा मुलूख झपाट्याने हिरवा होतो आहे. कालव्याची रेघ, नवी डाळिंबाची बाग चित्रात आली तर पुसू नका. दहा वर्षांनी त्याच जागेवरून काढलेल्या चित्राशेजारी ती रेघच सगळं सांगेल.

प्रिंट आणि फ्रेम

फ्लेक्सच्या दुकानात हे काम देऊ नका. ते मशीन लांबून बघायच्या फलकांसाठी असतं. पिगमेंट (रंगकणांच्या) शाईचा 24 किंवा 44 इंची रोल प्रिंटर असलेली प्रयोगशाळा कोल्हापूर-पुण्यात शोधा. कागद कापसाचा, मॅट, 300 ग्रॅमच्या आसपासचा. हानेमुलेचा फोटो रॅग 308 ग्रॅमचा येतो. मॅटवर दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटची चमक उठत नाही.

पहिला प्रिंट काळपट येणं ही जवळजवळ सगळ्यांची तक्रार. दोष बहुधा मॉनिटरच्या प्रखर उजेडाचा असतो. उजेड 100 कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा, प्रयोगशाळेकडून त्या कागदाची आयसीसी प्रोफाइल (रंगांची माहिती देणारी फाइल) घेऊन सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते पडद्यावर, बघा, आणि पूर्ण प्रिंटआधी तीन ठिकाणच्या आठ इंची पट्ट्या अंतिम आकारातच छापून घ्या: आकाश, लांबची धार, जवळची माती. त्या दिवसाच्या उजेडात बघा आणि रात्री घरच्या एलईडीखालीही बघा.

तीन माणसांचा सोफा साडेसहा-सात फुटांचा असतो. त्याच्यावर 54 ते 60 इंची चित्र शोभतं, सोफ्याच्या पाठीपासून सहा-आठ इंच वर. 60 बाय 20 ला भोवती तीन इंचांचा माउंट (पुठ्ठ्याची चौकट) सोडला की बाहेरचं माप 66 बाय 26 होतं. एवढी 4 मिमी काच 11 किलो भरते, 3 मिमी अॅक्रिलिक चार किलो. परगावी पाठवायचं असेल तर अॅक्रिलिकच. प्रिंट काचेला टेकू देऊ नका, मध्ये माउंट किंवा स्पेसर हवाच, नाहीतर पावसाळ्यातल्या दमटपणात शाई काचेला चिकटते आणि काढताना सोलून निघते. मागे थेट प्लायवूड लावला तर काही वर्षांत कागद पिवळा पडतो. मध्ये आम्लविरहित बोर्ड घाला.

बिनफ्रेमचा प्रिंट पाठवायचा तर चार इंची पीव्हीसी पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, दोन्ही टोकांना झाकणं लावा. कागद चित्र आत ठेवून, वर बटर पेपर घेऊन गुंडाळा. कॅनव्हास चित्र बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे ताणताना थर तडकत नाही.

किंमत आणि हक्क

इथे एक हिशेब नेहमी चुकतो. समजा सगळा खर्च आणि मेहनत धरून तुमच्या हातात 9,000 रुपये यायला हवेत आणि गॅलरी किंवा दुकान 40 टक्के घेतं. बरेच जण 9,000 वर 40 टक्के चढवून 12,600 लावतात. विक्री झाली की दुकान 12,600 चे 40 टक्के कापतं आणि हातात 7,560 येतात. 9,000 ला 0.6 ने भागा: किंमत 15,000. खर्चात वाया गेलेले प्रिंट आणि जे ऊन मिळालंच नाही त्या फेऱ्यांचं पेट्रोलही धरा. थेट घरी विकतानाही किंमत तीच ठेवा, नाहीतर दुकानदार पुढच्या वेळी चित्र ठेवून घेणार नाही.

आवृत्ती मर्यादित करायची तर आकडा पहिल्या विक्रीआधी ठरवा, समजा 25, आणि खालच्या पांढऱ्या समासात पेन्सिलने 3/25 असा क्रमांक आणि सही घाला. कोणता क्रमांक कुणाकडे गेला याची नोंदवही ठेवा. सव्विसावा छापायचा नाही, कितीही मागणी आली तरी.

स्वतःहून काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुमचा, आणि प्रकाशनानंतर तो 60 वर्षं टिकतो. पण एखाद्या हॉटेलवाल्याने मोबदला देऊन फोटो काढून घेतला, तर 1957 च्या कायद्याप्रमाणे वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो ठरतो. काम घेण्याआधी एका पानावर लिहून घ्या: हॉटेलला भिंतीवर लावायचा हक्क, इतरांना प्रिंट विकायचा हक्क तुमच्याकडे.

फ्रेमच्या मागे छोटं लेबल लावा: जागा, कोणत्या दिशेला तोंड करून, तारीख, वेळ, कागद, आवृत्ती क्रमांक आणि टेकड्यांची नावं डावीकडून उजवीकडे. लेबल पेन्सिलने किंवा पिगमेंट शाईने लिहा. साध्या बॉलपेनची शाई दमट भिंतीवर दोन पावसाळ्यांत पसरते.